खूणगाठी

घरचा कॉम्प्युटर दिवाळीच्या आधी गेला.
मदरबोर्ड, म्हणाला दुरुस्तीवाला,
आणि डॉक्टर बाहेर येऊन उभे राहतात तसा उभा राहिला.
तेव्हापासून मी दौलतगंजात,
राठौरच्या झेरॉक्सच्या दुकानात, तीन नंबरवर,
कधी शाळेच्या ऑफिसात,
कधी मुरारला नणंदेकडे,
जिथे की-बोर्डवरचा 'र' रुसलेला आहे.
(पासवर्डात तो नाही, एवढं बरं.)

कुठेही बसले तरी नाव टाकायचं,
आणि वरच्या पट्टीवर माझ्या खुणा येऊन उभ्या राहतात
प्रार्थनेला मुली याव्यात तशा,
ठेंगण्या पुढे.
गॅसचा नंबर. बोर्डाचा निकाल.
बाबांनी कधी भरलाच नाही तो पेन्शनचा अर्ज.
गुडघ्यांवर कुणा केरळी वैद्याचं लांबलचक पान.
आणि पुण्यातला एक विकाऊ फ्लॅट.
गेला असेल एव्हाना कुणाला,
पण बाल्कनीत वाळत घातलेला तो हिरवा टॉवेल
मला बघायला आवडतो.

आई पदराला गाठ मारायची.
संध्याकाळी गाठ सापडायची,
कशाची होती, ते नाही.
माझी गाठ मात्र लष्करातून मुरारला
माझ्या टेम्पोच्या आधी पोचलेली असते.

मार्चमध्ये गुणांच्या याद्या भरताना
दुकानातली वीज गेली. मी घरी निघून आले.
गुरुवारी शाळेत पाहते तर
टॉवेलच्या शेजारी तीन नव्या खुणा.
झाशी पॅसेंजरची वेळ.
मुलाखतीला कोणता शर्ट घालावा.
बोलताना अडखळणं : घरच्या घरी सात व्यायाम.

खानवलकर सर म्हणाले, एक बटण आहे,
दाबलं की सगळीकडून बाहेर.
मी बोट ठेवलं त्यावर.
मग मला राठौरचा भाचा आठवला, हरविलास,
जो किती प्रती ते बोटांनी विचारतो
आणि पैसेही बोटांनीच सांगतो.
दोन वर्षं मी त्याला
शिष्ट समजत होते.

बोट उचललं.

तीस वर्षं वर्गात एक गोष्ट पाहिली आहे मी :
एकट्याने वाचताना जिचा श्वास दाराशी अडतो
ती चाळीसजणींत कविता घडाघडा म्हणते.
नणंदेकडे बसून शोधलं त्यावरचं एक पान,
त्याच्यासाठी वेगळा कप्पा केला,
कप्प्याला नाव दिलं, आणि चहा प्यायला गेले.
टेम्पोत गोल पहाडियाच्या आसपास ध्यानात आलं,
'र' उमटलाच नसणार.
हविलास.
माझ्या सगळ्या कॉम्प्युटरांवर, त्याच्या तीन नंबरवरसुद्धा,
त्याचं नाव अडखळून उभं असणार आता,
आणि तो म्हणणार, मॅडमनी वेडावलं.

सकाळी साडेसहाला शाळेत पोचले.
शिपाई रामरतन म्हणाला, आज तो इतवार है.
मी म्हटलं, असू दे, किल्ली दे.
एक अक्षर. दोन टिचक्या.
दुकान नऊला उघडतं.
त्याने आधीच घरून पाहिलं असेल का,
हे कोणत्या पानावर लिहिलेलं असतं?

पुढच्या आठवड्यात त्याच्या खुणा गेल्या होत्या.
शर्ट गेला, झाशी गेली,
माझा कप्पाही गेला.
नोकरी लागली की नाही, विचारलं नाही.
दुकानात त्याने चार बोटं दाखवली, मी चार रुपये दिले.
पायरी उतरत होते, तेव्हा मागून आलं,
"म... मैडम. आपका खाता
ख... खुला रह जाता है."

एवढं पूर्ण वाक्य.
रस्त्यावर उभं राहून ऐकलं मी ते, शेवटपर्यंत,
मधे त्याला शब्द पुरवला नाही.
"रहने दो," म्हटलं,
आणि सुट्टे मोजत
नई सडकेकडे वळले.