उलट्या पायांची

जिंतूर आगाराच्या मागच्या पटांगणात
पहाटे पाचला मी फक्की मारते.
पंचाहत्तर मीटर, मग पंचवीस.
टेप नव्हता, म्हणून तहसीननं
जुन्या विहिरीचा सोल आणलाय, मोजून गाठी मारलेला.
पहिल्या गाठीपर्यंत पळायचं,
दुसरीपर्यंत चालायचं,
चाळीस वेळा.

मागच्या चाचणीत एकतिसाव्याला
पोटरीत गोळा आला.
कागदावर एकच शब्द : अपात्र.

पंच म्हणजे बसलेला माणूस,
एवढंच मला माहीत होतं.
आमचे चुलत आजोबा पारावर बसून, तंबाखू मळत,
जागचे न हलता निवाडा द्यायचे.
शिट्टी त्यांना लागली नाही कधी.
पोरीच्या जातीनं ती वाजवू नये,
हाही त्यांचाच निवाडा.

चेंडू माझ्याकडे यायचा नसतो.
आलाच तर मीच बाजूला व्हायचं.
बावीस जणी त्याच्यामागं, मी त्यांच्यामागं,
नव्वद मिनिटं,
आणि पायाला त्याचा स्पर्शही नको.

सगळ्यात अवघड उलटं पळणं.
नजर खेळावर, पाठ अंधाराकडे,
काळ्या मातीच्या भेगा
टाचांनीच वाचायच्या.
परवा धुक्यात डबे घेऊन निघालेल्या दोघी
मला बघून थिजल्या.
"अगं माय, हिचे पाय उलटे!"
एकीनं डबा तिथंच टाकला.
संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं,
डेपोमागं हडळ पळायली म्हणून.

तहसीन हसून हसून खाली बसली,
घड्याळ दाबायचं विसरली.
ती फेरी वाया गेली. पुन्हा पळ.

मला हसू उशिरा आलं,
सहा चाळीसच्या परभणी गाडीत,
घामावरच चढवलेल्या खाकीत,
दांडी न धरता उभी असताना.
खड्डा कुठं येणार ते या टाचांना पाठ आहे.

बोरीला एक म्हातारी चढली.
मी मशीनमधून तिकीट काढेपर्यंत
माझ्या बुटांकडे बघत राहिली,
मातीनं भरलेल्या, फक्कीनं पांढऱ्या.
"सरळच हायेत की," म्हणाली,
अर्धं तिकीट कनवटीला लावलं
आणि खिडकीशी जाऊन बसली.

मी दोन घंट्या दिल्या.
पोटरी अजून ओढत होती.