पहिला भाग

एक पंचवीसला लागलं, कानाए.
निळ्या केसांची मुलगी, बोलणारी तलवार,
कोण कुणाच्या जिवावर उठलंय, काही उमगलं नाही.
गाणं इतकं कर्कश्श
की कुदोबाईंनी पलीकडून भिंत ठोकली.

तू म्हणाली होतीस, नवव्या मिनिटाला
सूपच्या वाटीवरची वाफ, तेवढी माझी.
चष्मा पुसून बसलो.

आली. दोन सेकंद.
जराशी डावीकडे कलली,
कुणी दार उघडल्यासारखी.

त्यांच्या घरात दार कुणीच उघडलं नव्हतं.
आपल्याकडे उघडायचं,
मी हाचिनोहेच्या मासळीबाजारातून परतायचो,
गार वारा आणि खवले घेऊन,
तू वाटीपाशी पेंगत.

शेवटी नावं भराभर सरकली, तुझं निसटलं.
पुढच्या आठवड्यात बघेनसं वाटत नाही.
तलवार फार बडबडते.