एकशे अठ्ठावीसच्या खाली

आल्हादने कागदावर लिहून दिलंय: तीन तास, सपाट रस्ता,
ठोके एकशे अठ्ठावीसच्या खाली.
"काका, गप्पा मारता आल्या पाहिजेत, एवढाच वेग."
पहाटे पाचला गप्पा कोणाशी मारणार?
मी पाढे म्हणतो.
एकोणतीसचा अडखळला की समजायचं, जोर जास्त होतोय.

भांडुप मागे पडलं, मिठागरं सुरू झाली.
उच्चदाबाच्या तारा डोक्यावरून गुणगुणत गेल्या
आणि हँडलवरचा आकडा
एकशे एकवीसवरून टुणकन
एकशे चौऱ्याहत्तर.

पाढा तसाच चालू. एकोणतीस साते दोनशे तीन.
श्वास नाकातूनच.
घाम म्हणाल तर हेल्मेटच्या पट्टीखाली ओलसर, तेवढाच.
या आकड्याचा माणूस एव्हाना
रस्त्याच्या कडेला आडवा असायला हवा.

एकतीस वर्षं मी दुकानादुकानातली वजनं तपासली.
काटा मारणारा हात मला पाठमोराही कळायचा.
खरा काटा आधी थरथरतो, मग स्थिरावतो;
खोट्याचं आधीच ठरलेलं असतं.
उतरलो. सायकल कठड्याला टेकवली.
दोन बोटं गळ्यावर, नजर सेकंदकाट्यावर:
पंधरा सेकंदांत एकतीस ठोके.
एकतीस चोक एकशे चोवीस.
यंत्र नापास.
निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणाला तरी नापास केलं,
बरं वाटलं.

आल्हादकडे कारणांची कमी नाही:
छातीचा पट्टा कोरडा असेल, बॅटरी उतरली असेल,
सुटलेली जर्सी फडफडून वीज धरते,
शिवाय त्या तारा.
"पाणी नसेल तर थुंकी लावा, सरळ."
लावतो. या वयात छातीला थुंकी लावून
अंधारात जिना उतरतो,
वॉचमन नजर फिरवून घेतो.

मंगळवारी हायवेला काम निघालं होतं,
म्हणून कांजूरच्या आतल्या रस्त्याने वळलो.
वारा पाठीशी, चाकं आपोआप चाललेली.
एकशे सत्तावन्न.
पट्टा ओला. बॅटरी कालच घातलेली. वर तार एकही नाही.
पाढा एकोणतीस चोकला बसला, उठेचना.

उतरलो. बोटं गळ्यावर.
एकोणचाळीस ठोके. म्हणजे एकशे छप्पन्न.
यंत्र पास.

समोर मोबाईलच्या कव्हरांचं दुकान, शटर बंद.
इथे वेलजीभाईंचं रेशनचं दुकान होतं.
पाच किलोचं लोखंडी वजन मी उलटं केलं होतं,
तळाचं शिसं कोरून काढलेलं,
करंगळीचं पेर बसेल एवढी पोकळी.
रांगेत एक बाई, कडेवर पोर, हातात रॉकेलचा डबा,
ती वजनाकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती.
घरी धाकटी काविळीने पिवळी पडलेली,
आणि वेलजीभाईंनी पाकीट पुढे केलं नाही,
नुसतं कॅलेंडरच्या घडीत ठेवलं.
शिक्का मारला. सत्त्याण्णव साल.
पोरगी बरी झाली. आता ती पुण्यात असते, दोन मुलं आहेत.
ती बाई किती वर्षं तिथे तांदूळ घेत राहिली,
याचा हिशेब मी मांडलेला नाही.
पाढे येतात मला. मांडलेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, निघण्याआधी चहा घेतला होता?
घेतला होता.
झोप?
कमीच.
"मग तेच."
मीही म्हटलं, तेच असणार.

पट्टा धुऊन दोरीवर टाकलाय, टॉवेलशेजारी.
चहा उकळता उकळता हँडलवरचं यंत्र उजळलं:
त्र्याऐंशी.
मी गच्चीकडे पाहिलं. वारा नव्हता.
वही काढली, तारीख घातली,
आणि खाली लिहिलं:
दोरी, विश्रांतीत, त्र्याऐंशी.