रकाना

जुलैत साइट चालते ती मध्यरात्रीच.
सेलूच्या स्टँडामागं अर्धं शटर पाडून
मी फॉर्म भरत बसतो.

कूलरच्या जाळ्या भरणारे मुनीरचाचा आले,
पिशवीत उत्पन्नाचा दाखला,
तहसीलचा शिक्का अर्धाच उमटलेला.
सादिया बाहेरच थांबली, पायरीवर.

गुणपत्रक उघडलं : ९७.३०१२

"एवढे टक्के पडले?"
टक्के नाहीत, चाचा. पर्सेंटाइल.
म्हणजे शंभरातली सत्त्याण्णव लेकरं
हिच्या मागं राहिली.

ते पडद्याकडं बघत राहिले.
बोटांत अजून गवताची कुसळं.
"मागं म्हंजे?
मग कुठं गेली ती?"

"अब्बा, चला ना," पायरीवरून.

मी ओटीपी विचारला.
सर्व्हर दोनदा पडला, तिसऱ्यांदा
फॉर्म गेला. पावती निघाली,
शाई फिकी, पण नंबर वाचता येतो.
शिष्यवृत्ती मंजूर झाली तर
मेसेज येईल, म्हटलं, नंबर बदलू नका.
पन्नास होतात, तीस घेतले.

दोघं गेले. सायकलची चेन करकरत
रेल्वे गेटापर्यंत ऐकू आली.

माझा आकडा मला पाठ आहे अजून,
दशांशाच्या चारी घरांसकट.
एवढे फॉर्म भरतो रोज,
कुठल्याच रकान्यात तो
मागत नाहीत.