पाचवा नोड, सोहार

अकरा रात्री अहवाल हिरवा होता.
स्नॅपशॉट पूर्ण. चुका शून्य.
सकाळी सहाला मी तो याकूब अल-बलूशींना पाठवायची,
ते एक अंगठा पाठवायचे,
आणि बंदरावरच्या क्रेन माना वळवून
दिवसाला लागायच्या.

गुरुवारी मी सहज म्हटलं,
एकदा परत उभं करून बघू.

उभं राहिलं. फक्त सहम नव्हतं.
सहमचं एकही पाण्याचं मीटर नाही, लिवाची अर्धी आळी कोरडी,
शिनासमध्ये घरोघर आकड्यांऐवजी मोकळी चौकट.
समुद्राचं मीठ काढून, नळातून कोसभर कोस ढकलून
थेंब थेंब मोजलेलं पाणी
आमच्या प्रतीत कधी वाहिलंच नव्हतं.

मी उदगीरची.
टँकरच्या रांगेत घागरींवर खडूनं नंबर घातलेत मी.
नोंद गेली म्हणजे काय जातं
ते मला शिकवावं लागत नाही.

बिजीशनं नेटवर्कला मल्याळममधून शिव्या घातल्या.
मी घड्याळांवर संशय घेतला:
पाच यंत्रं, पाच घड्याळं,
ग्रुप फोटोत नेमके एकानं डोळे मिटावेत
तसं काही झालं असेल.
घड्याळं नीट होती. चार मिलिसेकंदांचा फरक,
तेवढा तर एका ताटात जेवणाऱ्यांतही असतो.
मग डिस्क. मग परवानग्या. मग उकाडा,
रात्री दोनला बाहेर अडतीस अंश,
हात लावला तर भिंत तव्यासारखी.
कूलिंगच्या नेपाळी पोराला उठवलं, त्याचा दोष नसताना.
पाचव्या नोडचा लॉग पुन्हा वाचला:
लिहिलं. लिहिलं. लिहिलं.
कुठं लिहिलं, ते नव्हतं त्यात.

तीन वीसला मी त्याच्या आत शिरले,
एकेक फोल्डर उघडत.
आणि सापडलं सगळं.
अकरा रात्रींचं, तारीखवार,
त्याच्याच पोटात.

अकरा दिवसांपूर्वी घटकाभर वीज गेली होती.
चार नोड उठले ते सामायिक कोठाराला जोडले गेले.
पाचवा उठला, पण जोडला गेला नाही.
कोठाराच्या नावाचा एक रिकामा फोल्डर
त्याच्याकडे पहिल्यापासून होता,
दार बसवण्याआधीच्या चौकटीसारखा.
तो त्यातच लिहीत बसला.
नाव तेच. पत्ता तोच.
खोटं बोलला नव्हता तो.

बिजीश हसला. मला हसू येईना.
आईला मी रोज रात्री आवाज पाठवते,
इथं काय शिजवलं, तुझा गुडघा कसा आहे.
दोन करड्या खुणा उमटतात. पोचलं.
परवा भाऊ म्हणाला, तो फोन दुकानात असतो,
गॅसच्या ओटीपीसाठी, चार्जिंगला लावलेला.
कधीपासून, विचारलं.
म्हणाला, झाले की बरेच दिवस.

दुरुस्ती एका ओळीची होती.
दुसरी ओळ मी पदरची घातली:
कोठार जोडलेलं नसेल
तर लिहू नकोस, ओरड.
मग अकरा रात्री उचलून
जागच्या जागी नेल्या.

फटफटताना याकूब आले, कागदात गुंडाळलेल्या
अंडं घातलेल्या पातळ रोट्या घेऊन.
बॅकअप ठीक आहे आता?
माहीत नाही, म्हटलं. परत उभं करतेय.
या वेळी त्यांनी अंगठा दाखवला नाही,
खुर्ची ओढली.

आकडे एकेक वर येत होते.
सहम आलं. लिवा आलं.
शिनासच्या एका मशिदीत, वजूच्या नळाचं मीटर
बराच वेळ रिकामं राहिलं.
आम्ही तिघं चावायचं थांबलो.

चार हजार सातशे बारा.