पहिला गण

रेशनवरचं रॉकेल बंद झालं.
शाळेला कुणी विचारलं नाही
की तुमच्या बरणीतल्या सोडियमचं काय.
मी सायकलवाल्या मुनीरभाईकडं गेलो.
चेन धुवायला ठेवलेल्यातलं
अर्धी बाटली दिलं त्यानं. कशाला, म्हणला.
म्हणलं, एकाला पाण्यापासून लांब ठेवायचंय.
सेलूत असं मागणं
पहिलंच असंल.

मी परिचर. दहावीला विज्ञानातच गचकलो,
पण पहिला गण माझ्या सुरीला पाठ आहे.
लिथियम अडतो. शिवाय रॉकेलवरही तरंगतो,
बुडायला तयारच नाही, शेवटी व्हॅसलिनमध्ये पुरला.
सोडियम थंडीतल्या लोण्यासारखा.
पोटॅशियमला नुसती धार दाखवायची,
आणि कापल्या जागची चकाकी
तुम्ही ‘बघा’ म्हणेस्तोवर विझलेली.

खतीब मॅडम फळ्यावर वर्तुळाभोवती वर्तुळ काढतात.
खाली जाल तसा शेवटचा इलेक्ट्रॉन
केंद्रकापासून लांब,
मधे इतक्यांची गर्दी,
म्हणून लवकर सुटतो.
मागच्या बाकावरनं एकजण म्हणला,
पुण्याला गेल्यासारखा.
अणूला पुणं नसतं, मॅडम म्हणाल्या. पुढं लिहा.

नव्व्याण्णव साली काचपात्र फुटलं होतं.
गुळवे सरांनी तुकडा तुरीएवढा सांगितला,
मी हरभऱ्याएवढा कापला.
वांग्याच्या फुलाच्या रंगाची ज्योत,
मग आवाज.
सरांच्या चष्म्यावर पांढरा ठिपका पडला,
रिटायर होईस्तोवर तोच चष्मा.
तेव्हापासनं पोटॅशियम कपाटात,
किल्ली माझ्या करगोट्याला.
त्याच्यावर पिवळी साय धरलीय आता.

सतराव्या गणात उलटं.
तिथं वरचाच आडदांड,
अन् खाली आयोडीन निवांत,
माझ्या खिशावर डाग पाडून बसलेला.
कामून उलटं?
तांड्यावरच्या रोशनी आडेनं विचारलं,
तोंडावर हात धरून.
बोअरच्या पाण्यानं तिच्या दातांवर तपकिरी रेघा ओढल्यात.
तिथं सोडायचं नसतं, ओढायचं असतं,
मॅडम म्हणाल्या. जवळून ओढणाऱ्याचा जोर जास्त.
अन् पाण्यात असतो तो फ्लोरीन नव्हे, फ्लोराइड,
हवं ते मिळून शांत झालेला.

शांत झालेला.
मी बीकर धुवायलो होतो, वर बघितलं नाही.

मग तिनंच तक्त्याकडं बोट केलं:
सिझियमच्या खाली कोण?
खालची कड वाळवीनं खाल्लेली,
शेवटच्या चौकोनात भिंत दिसायली.
फ्रान्सियम, मॅडम म्हणाल्या.
बघायला मिळंल इतका साठतच नाही, आधीच संपतो.
मंग लिहिलं कामून?
घंटा झाली.

डेडस्टॉकच्या वहीत नोंद केली:
सोडियम, सतरा ग्रॅम.
रॉकेल, अर्धी बाटली, मुनीरभाईंकडून.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.
मग नळाकडं निघालो,
अन् अर्ध्यातून परत फिरलो.
बोटाला एखादा कण असंल तर?
आधी कोरड्या फडक्यानं पुसले हात,
एकेक बोट.