एक अकरांश

दुकान साडेनऊला मिटतं.
मालक गल्ला मोजून गेले की मी शटर अर्धं ओढतो
आणि नऊ नंबरच्या खोक्यांवर पुस्तक मांडतो.
बाई असून 'ओढतो'? आमच्याकडं असंच म्हणतात.

लिपिक पदाची परीक्षा. जागा चौदा.
दहावीला बीजगणितात काठावर सुटलो,
तेही मोहिते बाईंनी हात सैल सोडला म्हणून.
सोळा वर्षं झाली त्याला.
सूत्रं जागेवर आहेत. मीच हललो.

शिकवायला श्रेणिक येतो, समोरच्या मगदूमांचा,
बारावीचा, सीईटीला बसलेला,
मिशीच्या जागी नुसती शंका.
तासाला एक कटवडा,
आणि बटाट्याचं घरी कळू द्यायचं नाही, असा करार.
"ताई, बरोबरच्या खुणेपलीकडं गेलं की चिन्ह बदलतं.
अधिकचं वजा. एवढं ध्यानात ठेवा."

ठेवायला कशाला लागतंय.
गडहिंग्लजातनं शुक्रवार पेठेत आलो तेव्हा
ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढलं होतं.
आडनाव बदललं, आमटीतलं तिखट बदललं,
झोपायची कूसही.
'जातो' तेवढं राहिलं.
ते पलीकडं न्यायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं.

संभाव्यता सोपी वाटली होती.
पिशवीत तीन तांबडे, पाच पांढरे चेंडू.
तांबडा-पांढरा म्हटल्यावर मला हसू आवरेना.
श्रेणिक जैनाचा. त्याला चेंडूच दिसले.

नाण्याला मागचं आठवत नाही, म्हणाला.
सात वेळा काटा पडू दे, आठव्यांदा परत निम्मं-निम्मं.
मी म्हटलं, पाणी त्रेचाळीस फुटांच्या वर गेलं त्या साली
नदीकडच्या गोदामातले खालचे चार रॅक गेले.
तेव्हापासनं मालक दर आषाढात रॅक रिकामे करतात.
मग काय, चुकतात?
तो बराच वेळ वहीत बघत बसला.
"नदी म्हणजे नाणं नव्हं, ताई,"
एवढं बोलला आणि वड्याकडं वळला.

काल लाईट गेली.
फळीवर सहा जोड, बारा नग, सहा मापांचे,
गिऱ्हाइकानं विस्कटून टाकलेले.
मी अंधारात दोन उचलले, आणि तोंडीच मांडलं:
पहिली कुठलीही असू दे.
राहिल्या अकरा. त्यात तिची एकच.
एक अकरांश.
दोन्ही एकाच पायाच्या येतील: पाच अकरांश.
एक डावी, एक उजवी, पण एकमेकींच्या नव्हेत:
पाच अकरांश.
बेरीज केली. एक आली. गणित बरोबर.

तरी तिसऱ्या ओळीपाशी मी थांबलो.
अशा जोडीनंही चालता येतं की.
एक करकरते, एक गप्प असते,
लांबनं बघणाऱ्याला कळतही नाही.
नऊ वर्षं झाली.

लाईट आली तेव्हा हातात दोन डाव्या होत्या.

पेपर रविवारी, शिरोलीच्या पुढच्या सेंटरवर.
पाच पर्याय, चुकीला पाव गुण वजा.
डोळे झाकून ठोकत गेलं तर सरासरी शून्य,
श्रेणिकनं करून दाखवलं, ना नफा ना तोटा.
"पण एक जरी पर्याय खोडता आला, तर मारायचं."
त्याचं बोट कटानं तांबडं झालेलं,
ठसा उमटला वर्गमुळाच्या छपरावर. पुसला नाही मी.

घरी विचारतात, पास झालीस तर पुढं काय?
पुढं काय ते चार आहेत अजून.
एक खोडलाय.

आज वर्गसमीकरण. विवेचक शून्याखाली गेला
तर वास्तव मुळं नाहीत, असं लिहायचं.
"नाहीत म्हणजे नाहीतच?"
"असतात हो, पण दहावीच्या पुस्तकात नाहीत."
हे मला लगेच कळलं.
दिवसातनं दहादा मी तेच सांगतो,
पाय बघून, दारातल्या दारात:
माप आहे ताई, आमच्याकडं नाही.